डबी काढून, डबी लावून

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चूक काढण्याचा मला पगार मिळतो. एकवीस वर्षं हे केल्यामुळे सवय अशी लागली आहे की लग्नाच्या पंगतीतसुद्धा माझी नजर आधी दोन जिलब्यांच्या जाडीत फरक किती, यावर जाते. बायको म्हणते, तुम्हाला कुठं जेवायला नेणं म्हणजे इन्स्पेक्शनला नेणं. तिचं म्हणणं चूक नाही. मी तपासून पाहिलं आहे.

अशा माणसाच्या घरी माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एका मंगळवारी संध्याकाळी एक डबी घेऊन आले. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, काळी, वर तीन बारके दिवे. स्टिअरिंगच्या खाली मेकॅनिक आपला कॉम्प्युटर जोडतो ना, त्या खाचेत ती बसवायची. बसवली की दिवे लुकलुकतात आणि डबी गाडीच्या मेंदूशी बोलायला लागते. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं हे मग कंपनीने ठरवल्याप्रमाणे होत नाही, डबी सांगेल तसं होतं.

"याने ॲव्हरेज वाढतं का पिकअप?" मी विचारलं.

"दोन्ही," दाजी म्हणाले. "एकदम दोन्ही. तेच तर भारी हाय ना मेव्हणे."

इंजिनाचं मला थोडंफार कळतं. आमच्याकडे इंजिनाचेच भाग बनतात. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली मांडणी खरोखर बदलून देणारे लोक असतात, गाडी त्यानंतर खरोखर पळते, आणि मग ती पेट्रोलही तशीच पिते. पेट्रोल कमी आणि ताकद जास्त, दोन्ही एका डबीत देतो म्हणणाऱ्याकडून मी मेथीची जुडीसुद्धा घेणार नाही. पण दाजी माझ्यापेक्षा वयाने मोठे, नात्याने मानाचे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं असं म्हणतात. इथं घोड्याऐवजी डबी आली होती आणि आणणारा खुद्द जावई होता. मी "बघू" म्हणालो. आमच्या घरात जावयाला "बघू" म्हणतात. "नाही" म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला.

"ऐक, यांनी राजीनामा लिहून ठिवलाय," ती म्हणाली. "सोमवारी देणार हायत. त्या डब्यांची कन्नड तालुक्याची एजन्सी घ्यायची म्हणतेत. जीपवाले, टेम्पोवाले सगळे घेतील म्हणतेत."

दाजी वाळूजच्याच एका कंपनीत अकरा वर्षं कंत्राटी होते. दर काही महिन्यांनी गेट पास नवा, युनिफॉर्म जुना. बाराव्या वर्षी परमनंट झाले तेव्हा अक्काने गल्लीत पेढे वाटले होते, आणि जिच्याशी ती दोन वर्षं बोलत नव्हती त्या शेजारणीलाही दिले होते. वाळूजमध्ये परमनंट या शब्दाचं वजन बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मुलगी द्यायची असली की लोक पगार नंतर विचारतात. आधी विचारतात, परमनंट हाय का?

ते परमनंटपण दाजी तीन बारक्या दिव्यांसाठी सोडणार होते.

"तू मोज," अक्का म्हणाली. "तुझं ऐकतेत ते. तू आकडा काढून दाखव, फरक नाय म्हणून. ते थांबतील. पण अण्णांना यातलं काही सांगू नको बरं का. राजीनाम्याचं तर अजिबात नाय. उगी जिवाला घोर लावून घेतील." अण्णा म्हणजे आमचे वडील.

मी दाजींना फोन केला. ते उलट खूशच झाले. "तुम्ही मोजा मेव्हणे. तुमचा आकडा मला मंजूर. नाय वाढलं ॲव्हरेज तर राजीनामा फाडतो. वाढलं तर सोमवारी देतो. बोला."

"मंजूर," मी म्हणालो. मला इतकं सोपं काम कधी कुणी दिलं नव्हतं. डबी खोटी आहे हे मला माहीत होतं. फक्त ते कागदावर आणायचं होतं. सोपं आहे, असं मी अक्कालाही कळवून टाकलं.

चाचणी कशी घ्यायची हे मी गुरुवारी रात्रीचं जेवण होईपर्यंत लिहून काढलं. गाडी माझी, आठ वर्षं जुनी, पेट्रोलची. शनिवारी डबी काढून, रविवारी डबी लावून. पडेगावचा एकच पंप, त्याच पंपावरचं तेच नोझल, गाडी उभी करायची त्याच फरशीवर. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची, वर एक थेंब नाही. तिथून कन्नड, कन्नडच्या स्टँडसमोर एक चहा, परत पडेगाव. पुन्हा टाकी भरायची, जेवढं बसेल तेवढं जळलं. चाकांतली हवा सकाळी गार असताना मोजायची. एसी बंद, काचा चार बोटं खाली. माणसं तीच तीन, बसायची जागा तीच. डिकीतला पाण्याचा कॅन काढून ठेवायचा. कागद बायकोने वाचला आणि विचारलं, "चहात साखर दोन्ही दिवस सारखी घ्यायची का?" मी तेही लिहिलं.

राहिलं होतं ते एवढंच की गाडी कुणी चालवायची. मी चालवली तर दाजी म्हणणार, तुमचं मन आधीच वाकडं आहे. दाजींनी चालवली तर मी तेच म्हणणार. दोघांनीही एकाच वेळी एकच नाव घेतलं: अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे वडील. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, त्यातली बहुतेक कन्नड डेपोत. एसटीत दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशोब ठेवतात, आणि तो ड्रायव्हरच्या नावावर असतो. अण्णांची गाडी डेपोत कायम वरच्या दोन-तीन नावांत. यासाठी त्यांनी कुठली डबी लावली नाही. त्यांचं एकच तत्त्व होतं: ब्रेक मारला म्हणजे आधी दिलेला ॲक्सिलेटर वाया गेला. पुढच्या वळणावर म्हैस आडवी येणार आहे हे त्यांना म्हशीच्या आधी कळायचं, आणि ते नुसता पाय उचलायचे. आई गेल्यानंतर ते माझ्याकडे राहायला आले. माझी गाडी माझ्या हातात लिटरला पंधरा-सोळा देते. त्यांच्या हातात एकवीस. हे माझ्या स्वतःच्या पेट्रोलच्या हिशोबाच्या वहीत लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात. ते मला त्या गुरुवारी आठवलं नाही.

अण्णांना मी इतकंच सांगितलं की दाजींनी आणलेली डबी तपासायची आहे, एक दिवस काढून, एक दिवस लावून, आणि चांगली निघाली तर दाजी ती विकणार आहेत.

"म्हंजी जावयाचं काम हाय," अण्णा म्हणाले.

"हो. पण तुम्ही नेहमीसारखी चालवा."

ते काही बोलले नाहीत. मी त्यांच्या गप्प बसण्याला होकार समजलो, आणि कागदावर ड्रायव्हर या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

शनिवारी सकाळी सात वाजता पडेगावच्या पंपावर टाकी भरली. पंपावरचा माणूस म्हणाला, "अजून बसंल की साहेब दोन लिटर." मी नको म्हणालो. त्याला वाटलं माझ्याकडे पैसे कमी आहेत, आणि त्याने समजूतदारपणे मान हलवली. पुढच्या सीटवर दाजी, कारण जावई मागे बसत नाही. मागे मी, मांडीवर पॅड.

मिटमिट्यापर्यंत मला काही जाणवलं नाही. दौलताबादच्या पुढं गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ओरडत राहिली तेव्हा मी मान वर केली. अण्णांनी गिअर टाकला, पण उशिरा. पुढं उसाची ट्रॉली दिसत होती, लांबून दिसत होती, मला मागे बसून दिसत होती. अण्णा तिच्या पाठीशी जाऊन भिडले आणि कचकन ब्रेक मारला. माझं पेन सीटखाली गेलं. वेरूळच्या चढाला गाडी चुकीच्या गिअरमध्ये धापा टाकत चढली. उतारावर ते आधी वेग देत होते, मग ब्रेक मारत होते. क्लचवरचा पाय त्यांनी गल्लेबोरगाव येईपर्यंत उचललाच नाही.

मी मागे बसून हे सगळं पाहत होतो. डबीचा, दाजींचा, राजीनाम्याचा सगळा विचार डोक्यातून गेला. एकच वाटत होतं, अण्णा म्हातारे झाले. चार महिन्यांपूर्वी याच रस्त्याने त्यांनी आम्हाला गावी नेलं होतं तेव्हा मागच्या सीटवर माझी मुलगी झोपली होती आणि कन्नड येईपर्यंत तिची मान हलली नव्हती. चार महिन्यांत माणसाचा पाय असा जातो? मी त्यांच्या मानेकडे बघत राहिलो. मानेवरचे केस पांढरे झालेले मी पहिल्यांदा नीट पाहिले.

कन्नडला चहा घेताना मी हळूच विचारलं, "अण्णा, पाय दुखतोय का?"

"नाय," ते म्हणाले आणि बशी ओठाला लावली. दाजी रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या जीप मोजत होते.

परत पडेगावला टाकीत सहा लिटर सहाशे मिली बसलं. एकशे बारा किलोमीटरला. म्हणजे लिटरला सतराच्याही आत. मी आकडा लिहिला, तिघांनी सह्या केल्या. अण्णांनी सही केली तेव्हा त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता. तेही मी पाहिलं, आणि त्याचाही अर्थ मला लागला नाही.

रविवारी सकाळी दाजींनी स्वतःच्या हाताने डबी बसवली. तीन दिवे लुकलुकायला लागले. दाजींनी डबीला नमस्कार केला नाही, पण हात त्या दिशेने गेला होता.

आणि अण्णा गाडी चालवायला लागले. त्या चालवण्याला दुसरा शब्द नाही. गाडी कधी तिसऱ्यात गेली, कधी चौथ्यात, ते कानाला कळत नव्हतं. वेरूळच्या चढाला इंजिनाने आवाज वाढवला नाही. हतनूरच्या अलीकडे बैलगाडी रस्त्यात होती. ती बाजूला होईपर्यंत आमची गाडी आपोआप मंद झाली आणि ती बाजूला झाली तशी पुढं गेली, ब्रेक न लावता. माझा जीव भांड्यात पडला. कालचा दिवस वाईट होता एवढंच, म्हाताऱ्या माणसाचा एखादा दिवस असतो, असं मी स्वतःला सांगितलं. मी इतका खूश होतो की आपण इथं कशासाठी बसलोय हे मला कन्नडपर्यंत आठवलं नाही.

"पिकअप बघितला का मेव्हणे?" दाजी मागे वळून म्हणाले. "चढाला कशी गेली? लोण्यात सुरी!"

परत पडेगावला पाच लिटर तीनशे मिली बसलं. लिटरला एकवीस. डबीच्या खोक्यावर जेवढं वाढेल असं छापलं होतं, त्याहूनही जास्त वाढलं होतं. खोक्यावरच्या दाव्यापेक्षा जास्त देणारी वस्तू मी एकवीस वर्षांत पाहिली नव्हती. तिथंच मला थांबायला हवं होतं. पण आकडा माझा, पंप माझा, पद्धत माझी, सही माझी. दाजींनी पंपावरच मला मिठी मारली. पंपावरचा माणूस टाळ्या वाजवणार होता, पण मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

घरी अक्का जेवायला आलेली होती. दाजींनी दारातूनच सांगितलं, "चार किलोमीटर वाढलं! तुझ्याच भावानं काढलाय आकडा." अक्का आमटी वाढत होती. तिने वर पाहिलं नाही. ती वाढतच राहिली. वाटी भरली आणि आमटी ताटात आली. बायकोने तिच्या हातातून पळी काढून घेतली. जेवताना दाजी एकटेच बोलत होते, आणि अण्णा त्यांना "घ्या पाव्हणं, अजून एक पोळी घ्या," असा आग्रह करत होते. इतके आनंदात मी अण्णांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. जाताना अक्का माझ्याजवळ चप्पल घालायला थांबली आणि म्हणाली, "तूच म्हणला होतास ना, सोपं हाय म्हणून." मला तिच्याकडे बघवलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावणारा मीच होतो.

ती दोघं गेल्यावर मी ती डबी घेऊन बसलो. दाजींनी ती माझ्यासाठी मुद्दाम ठेवली होती, भेट म्हणून. चष्म्याच्या बारक्या स्क्रूड्रायव्हरने उघडली. आत बोटाएवढी एक पट्टी. दिव्यांना वीज देणाऱ्या दोन पिना जोडलेल्या. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या पिना बाहेरून दिसत होत्या, पण आत त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. डबी गाडीशी बोलत नव्हती. ती फक्त लुकलुकत होती.

मी दाजींना फोन करून हे सांगितलं. ते एजन्सीवाल्याकडेच बसलेले होते. "मेव्हणे, आतलं मला काय कळत नाय," ते म्हणाले. "तुमचा आकडा कळतो. आकडा खोटा हाय का?" आकडा खोटा नव्हता.

मग मी माझी वही काढली. चार महिन्यांपूर्वी, पडेगाव ते कन्नड ते पडेगाव, अण्णा चालवत होते, डबी नव्हती: एकवीस. म्हणजे डबीने काहीच वाढवलं नव्हतं. शनिवारीच काहीतरी कमी झालं होतं. आमच्या क्वालिटीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात, चूक चार ठिकाणी शोधायची: माल, मशीन, पद्धत आणि माणूस. माल मी तपासला, मशीन तपासलं, पद्धत लिहून काढली, चहातली साखरसुद्धा लिहिली. माणसापुढे मी न बघता खूण केली होती, कारण तो माणूस माझे वडील होते.

मी खाली पार्किंगमध्ये गेलो. ऊन उतरलं होतं. अण्णा गाडीचं बॉनेट उघडून उभे होते, हातात फडकं.

"काय करताय?"

"ऑइल बघतोय," ते म्हणाले. "काल लई तापवलं ना तिला."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ऑइलची काडी पुसली, परत घातली, परत काढली.

"अण्णा, काल तुम्ही मुद्दाम वाईट चालवली?"

"व्हय."

"का?"

"का म्हंजी?" त्यांना माझा रागच आला. "जावयाचं काम हाय. माणूस इतक्या हौसेनं घेऊन आलाय. तू मोजणार, अन् फरक नाय म्हणून तोंडावर सांगणार. तुला सांगता येतंय, तुझं कामच ते. मला नाय बघवत. जावयाचं तोंड पडलं तर आपल्या पोरीच्या घरात काय राहतंय? म्हणून म्या म्हणलं, डबीला चार किलोमीटर आपल्या पायातलं देऊ. त्यात कुणाचं काय गेलं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त गाडीचे लई हाल झाले. एकतीस वर्षांत म्या कुठल्या गाडीला असं मारलं नव्हतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. राजीनामा, सोमवार, पैज, अक्काचा फोन. तिला आकडा वाढायला नको होता, हे सांगताना माझा आवाज चढला. अण्णांनी फडक्याची घडी घातली. मग परत उलगडली आणि परत घातली. बॉनेट त्यांनी इतक्या हळू खाली घेतलं की आवाजच झाला नाही.

"फोन लावू का दाजींना?" मी म्हणालो.

"फोनवर नाय. अन् त्यांच्या घरी बी नाय. पोरीसमोर नाय बोलायचं हे. सकाळी पहिल्या पाळीची बस कुठून घेतेत ते?"

सोमवारी सकाळी सहाला आम्ही त्या स्टॉपवर होतो. रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस माणसं, हातात डबे, कुणी उभ्या उभ्या डुलक्या घेत. दाजींच्या शर्टाच्या खिशातून पांढरं पाकीट डोकावत होतं. आम्हाला पाहून ते घाबरले. इतक्या सकाळी सासरा समोर उभा दिसला की माणूस आधी कोण गेलं हे विचारतो. त्यांनी तेच विचारलं.

"कुणी नाय," अण्णा म्हणाले. "पाव्हणं, शनिवारी म्या गाडी मुद्दाम वाईट चालवली. डबीत काय नाय. आकडा माझ्या पायाचा हाय." त्यांनी हे ताठ उभं राहून सांगितलं, चार लोकांत, जराही आवाज न दाबता. शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं.

दाजींनी हातातला डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "अण्णा, मी शेजारीच बसलो व्हतो. तुमचा पाय मला दिसत व्हता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुम्हाला ठावं होतं?" अण्णा म्हणाले.

"अर्ध्या रस्त्यात कळलं. तुम्ही कधी क्लचवर पाय ठेवून चालवता का? मला वाटलं, ही तुमची संमती हाय. घरात कुणालाच वाटत नाय की हे माझ्या हातून होईल. तिला नाय, मेव्हण्यांना नाय. म्हणलं, अण्णांसारखा माणूस माझ्यापायी गाडीला मारतोय, म्हंजी त्यांना तरी वाटतंय. डबी राहू द्या हो. तेवढ्यावरच म्या ठरवलं."

मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो. दाजी मला नेहमी बोलघेवडे आणि थोडे भोळे वाटत आले होते. गेल्या पाच-सहा दिवसांत मी त्यांची डबी तपासली, त्यांचा आकडा तपासला, पण कंपनी का सोडावीशी वाटते, असं एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

लांबून बसचे दिवे दिसले. लोक पिशव्या उचलायला लागले.

"आता विचारतो," दाजी म्हणाले. "देऊ का राजीनामा?"

अक्काच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत अण्णांनी या माणसाला एकदाही नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे धरले.

"नका देऊ," ते म्हणाले. "डबी खोटी हाय. तुम्ही खोटे नाय. दुसरं काय करायचं मनात असंल तर मला येऊन सांगा. पण हे नका करू."

दाजींनी मान हलवली. होय म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही. बस थांबली, ते चढले, आत दाटीत दिसेनासे झाले. पाकीट अजून खिशातच होतं.

परत जाताना अण्णा ड्रायव्हरच्या बाजूला गेले नाहीत. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. गाडी छावणीपर्यंत आली. मग ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "गाडीतल्या सगळ्यांना ठावं होतं, कुठं थांबायचं हाय. ड्रायव्हरलाच कुणी सांगितलं नाय."

"तुम्हाला काळजी लागू नये म्हणून, अण्णा."

"मग लागली नाय का?"

आम्ही त्यांना सांभाळत होतो असं आम्हाला वाटत होतं. खरं म्हणजे आम्ही त्यांना विचारायचंच सोडून दिलं होतं, आई गेल्यापासून, मी आणि अक्का दोघांनीही, एकमेकांशी ठरवून.

संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा अण्णा पेपर वाचत बसले होते. पान उलटत नव्हते. सात वाजता माझा फोन वाजला. अक्का होती. तिचा आवाज रडून मोकळा झालेला होता.

"नाय दिला रे त्यांनी. पाकीट परत आणलं. काय बोलत नायत, पण जेवले नीट." मग तिने नेहमीसारखा आवाज खाली आणला. "अण्णांना काही कळलं नाय ना?"

एरवी मी म्हणालो असतो, नाही, तू निवांत राहा. ते शब्द माझ्या तोंडात तयारच असतात.

"थांब," मी म्हणालो आणि फोन अण्णांसमोर धरला.

त्यांनी चष्मा काढला, पेपर बाजूला ठेवला आणि फोन दोन्ही हातांनी कानाला लावला.

"बोल गं," ते म्हणाले. "मला सांग आता. पहिल्यापासून सांग."